दहा दिवसांचा करार संपल्यावर हे खेळाडू जातात कुठे?

फ्रिस्कोनिवासी

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी टेक्ससमधील फ्रिस्को येथे राहतो. एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्सशी संलग्न असलेला टेक्सस लेजेंड्स हा दुय्यम संघ याच गावात खेळतो. मुख्य संघाच्या सामन्याला सहकुटुंब जायचे म्हटले की खिसा चाचपावा लागतो. येथे ती वेळ येत नाही, आणि कोर्टाच्या इतके जवळ बसता येते की बचावात मागे राहिलेल्या सहकाऱ्याला मारलेली हाकसुद्धा ऐकू येते. या संघातला एखादा खेळाडू मध्येच दिसेनासा होतो. चौकशी केली की कळते, एनबीएतल्या कुठल्यातरी संघाने त्याला दहा दिवसांच्या करारावर बोलावून घेतले आहे. काही जण परत येतात. काही जण येथेही येत नाहीत आणि तेथेही दिसत नाहीत.

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येकी १५ नियमित जागा आणि २०२३-२४ च्या हंगामापासून प्रत्येकी ३ 'टू-वे' जागा (एनबीए आणि तिची दुय्यम 'जी लीग' अशा दोन्हीकडे खेळण्याच्या) धरल्या, तर एका वेळी फार तर ५४० खेळाडू तेथे असू शकतात. दर वर्षी ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतून, साठाच्या आसपास तरुण निवडले जातात, शिवाय न निवडले गेलेले आणि इतर देशांतून येणारे वेगळेच. जागा तेवढ्याच राहतात, तेव्हा जितके आत येतील जवळपास तितक्यांनाच बाहेर पडावे लागणार, हे उघड आहे.

या बाहेर पडलेल्यांविषयी वाचायला गेले की त्याच त्या दिवाळखोरीच्या कथा समोर येतात: अमक्याने एवढे कोटी उडवले, तमक्याचा बंगला लिलावात गेला. पण जे कधी कोट्यधीश झालेच नाहीत, त्यांचे काय होते? याच लेजेंड्स संघातून खेळलेल्या सतनामसिंग भामराचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पंजाबातल्या बल्लो के या खेड्यातला हा सात फूट दोन इंचांचा मुलगा २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मात्र एनबीएचा एकही अधिकृत सामना त्याच्या वाट्याला आला नाही. आता तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात असतो.

ज्यांना या व्यवसायाची आतून किंवा जवळून माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

मिलानवासी

चांगला धागा काढलात. एनबीएतून बाहेर पडणे आणि बास्केटबॉलमधून बाहेर पडणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि अमेरिकेत राहून ते अंतर नीटसे दिसत नाही, असे माझे मत आहे. मी ज्या शहरात राहतो तेथील ऑलिम्पिया मिलानोचा संघ पाहायला असागोच्या क्रीडागृहात हजारो लोक जातात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना आपल्या संघातला अमेरिकन खेळाडू एनबीएत किती मिनिटे खेळला होता याच्याशी काहीही देणेघेणे नसते.

माईक जेम्सचेच पाहा. २०१२ मध्ये त्याला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही. मग क्रोएशिया, इस्रायलमधील दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा, इटलीतील खालच्या श्रेणीतला एक संघ, ग्रीसमधील रोड्स बेट, असे करत करत तो स्पेनमधील बास्कोनिया संघापर्यंत पोहोचला. २०१७ मध्ये फीनिक्स सन्सने त्याला टू-वे करार दिला, पुढे त्याचा नियमित करारही केला आणि त्याच डिसेंबरात त्याला मोकळे केले. तो युरोपात परतला, आमच्या येथे २०१८-१९ चा हंगाम खेळला आणि त्या वर्षी युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत, सर्वाधिक सरासरीने गुण मिळवणारा खेळाडू ठरला. २०२४ मध्ये मोनॅकोकडून खेळताना तो युरोलीगच्या संपूर्ण इतिहासात सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू झाला. अमेरिकेतल्या एखाद्या सर्वसाधारण प्रेक्षकाला विचाराल, तर त्याच्या लेखी हा माणूस 'एनबीएत टिकू न शकलेला'च.

येथील करारांची रीतही वेगळी आहे. पगार बहुधा कर वजा जाता हातात पडणाऱ्या रकमेत ठरतो, राहायला सदनिका आणि फिरायला गाडी क्लब देतो, आणि एजंटाचे साधारण १० टक्के बहुतेक वेळा क्लबच भरतो. खेळाडू विमानातून उतरला की आधी वैद्यकीय तपासणी होते. ती पार पडेपर्यंत सही केलेल्या कागदालाही पूर्ण अर्थ नसतो. गुडघ्याच्या जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण पाहून डॉक्टरांनी मान हलवली की परतीचे तिकीट. मोठे क्लब वेळेवर पैसे देतात. लहान क्लबांत फेब्रुवारी-मार्च उजाडला की पगार थकू लागतात. असे वाद इतके वाढले, की आंतरराष्ट्रीय महासंघाने २००७ मध्ये जिनिव्हा येथे स्वतंत्र लवाद स्थापन केला. त्याचा निवाडा क्लबने पाळला नाही, तर नवे खेळाडू नोंदवण्यास त्या क्लबला बंदी होऊ शकते. अनेक खेळाडूंचे थकलेले पैसे याच एका तरतुदीमुळे सुटले आहेत.

आशियात तर प्रत्येक संघाला मोजकेच परदेशी खेळाडू घेता येतात. फिलिपिन्समधील लीगमध्ये काही स्पर्धांत एकच, आणि त्याला तेथे सरळ 'इम्पोर्ट' म्हणतात. या इम्पोर्टने रोज पंचवीस-तीस गुण काढावेत अशी अपेक्षा असते. दोन-तीन सामने फसले की बदली माणूस विमानात बसलेला असतो. जस्टिन ब्राउनली २०१६ मध्ये बारांगाय गिनेब्रा या संघाकडे असाच जखमी खेळाडूचा बदली म्हणून गेला. एनबीएचा एकही सामना न खेळलेल्या या माणसाने त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट टाकून संघाचा आठ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपवला. पुढे तो तेथेच रमला. २०२३ च्या जानेवारीत खास कायदा करून त्याला फिलिपिन्सचे नागरिकत्व देण्यात आले, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याच्यासह खेळलेल्या संघाने १९६२ नंतरचे पहिले सुवर्णपदक मिळवले.

परत जाता येते का? क्वचित येते. पी. जे. टकरला टोरंटोने २००६ मध्ये निवडले आणि पहिल्याच हंगामात सोडून दिले. इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असे करून तो २०१२ मध्ये फीनिक्सकडे परतला आणि २०२१ मध्ये मिलवॉकीकडून विजेता ठरला. अशी उदाहरणे थोडी आहेत, परंतु दर वर्षी शेकडो मुले जाहिरातीतल्या सोडतीकडे पाहावे तशी त्यांच्याकडे पाहत परदेशात दिवस काढतात, हेही खरे.

जमाखर्च

मी न्यू जर्सीत करसल्लागार आहे. माझ्या अशिलांत बास्केटबॉलपटू कोणी नाही. पण विषय आवडीचा आहे आणि आकड्यांशी रोजचा संबंध आहे, म्हणून पैशांची बाजू मांडतो.

२०२३-२४ च्या हंगामात एनबीएतील नवख्या खेळाडूचे किमान वेतन सुमारे ११ लाख २० हजार डॉलर होते. टू-वे करारावरच्या खेळाडूला त्याच्या निम्मे, म्हणजे सुमारे ५ लाख ६० हजार, मिळत. नवख्याच्या दहा दिवसांच्या करारातून साधारण ६४ हजार मिळत. आणि जी लीगच्या साध्या करारावर, संपूर्ण हंगामाचे मिळून, सुमारे ४० हजार. त्यावर राहण्याची सोय आणि आरोग्य विमा. म्हणजे जो खेळाडू दहा दिवस वर जाऊन आला, त्याने तेवढ्यात दीड हंगामाची कमाई केली. दहा दिवसांचे करार ५ जानेवारीपासून देता येतात, आणि एकाच संघाला एका खेळाडूशी एका हंगामात असे दोनच करार करता येतात. तिसऱ्या वेळी उरलेल्या हंगामासाठी ठेवा, नाहीतर सोडा. त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला जी लीगमधल्या प्रत्येकाचे लक्ष फोनकडे लागलेले असते. साध्या करारावरचा खेळाडू लीगशी बांधलेला असतो, संलग्न मुख्य संघाशी नव्हे; म्हणून लेजेंड्सच्या खेळाडूला ३० पैकी कोणताही संघ बोलावू शकतो.

या रकमा हातात पडताना बऱ्याच लहान होतात. एजंटाचे ४ टक्क्यांपर्यंत जातात, केंद्र सरकारचा प्राप्तिकर जातो, आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळला तेथे कर असेल तर त्या दिवसांपुरते विवरणपत्र भरावे लागते. एका हंगामात डझनावारी राज्यांची विवरणपत्रे भरणारा बावीस वर्षांचा मुलगा आपल्या हिशेबाकडे स्वतः लक्ष देईल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

आता दिवाळखोरीविषयी. निवृत्तीनंतर पाच वर्षांत ६० टक्के खेळाडू कंगाल होतात, हा आकडा २००९ पासून सर्वत्र फिरतो आहे. मला तो कधीच पटला नाही, कारण त्यामागे मोजणी दिसत नाही. दिसतात ती नेहमीची आठ-दहा नावे. अँटवान वॉकरने खेळातून १० कोटी ८० लाख डॉलरहून अधिक मिळवले आणि २०१० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. विन बेकरची कमाई व्यसनापायी गेली. २०१५ मध्ये तो स्टारबक्सच्या दुकानात व्यवस्थापकाच्या कामाचे प्रशिक्षण घेत होता. दोघेही पुढे सावरले: वॉकर तरुण खेळाडूंना पैशांचे व्यवहार शिकवू लागला, बेकर मिलवॉकीचा सहायक प्रशिक्षक झाला. पण हे दोघेही ऑल-स्टार दर्जाचे खेळाडू होते. दिवाळखोर व्हायलासुद्धा आधी कोणीतरी कर्ज द्यावे लागते. दहा दिवसांच्या करारावरच्या माणसाला तेवढी पत कोण देणार? त्याचे पैसे बुडत नाहीत, ते संपतात. आणि त्याची बातमी होत नाही.

त्याच्या आयुष्यातली खरी सीमारेषा तीन हंगामांची आहे. एनबीएत तीन हंगाम भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो, आणि २०१६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने घेतलेल्या निर्णयामुळे तीन हंगाम भरलेल्या माजी खेळाडूंना आरोग्य विमाही मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना या दुसऱ्या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. हॉल ऑफ फेममध्ये नाव असलेला, २३ हजारांहून अधिक गुण केलेला एड्रियन डँटली २०१३ च्या सुमारास मेरीलँडमध्ये शाळेजवळच्या चौकात हातात थांब्याची पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देत असे. लोकांना वाटले, याच्यावर वाईट दिवस आले. पैशांची ददात नव्हती. घरी बसवत नव्हते आणि त्या कामाबरोबर आरोग्य विमा मिळत होता, एवढाच मामला होता.

निवृत्तिवेतनाविना राहिलेल्यांची अवस्था काय होते, हे एबीएच्या खेळाडूंकडे पाहून कळते. १९६७ ते १९७६ या काळात ही प्रतिस्पर्धी लीग चालली. तिच्यातले चार संघ एनबीएत सामावले गेले आणि बाकीचे बंद पडले. बंद पडलेल्या संघांतील कित्येक खेळाडू म्हातारपणी औषधपाण्याला महाग झाले होते. इंडियानापोलिसमधील एका धर्मादाय संस्थेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर, २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून २ कोटी ४५ लाख डॉलरची तरतूद केली. तोवर हयात आणि पात्र असलेले खेळाडू उरले होते सुमारे ११५. खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे वर्षाला सरासरी ३,८२८ डॉलर, असा तो हिशेब आहे. लीग मोडल्यावर ४६ वर्षांनी.

उलट टोकाचे उदाहरणही सांगतो. ज्युनियर ब्रिजमन हा मिलवॉकीचा राखीव फळीतला खेळाडू; वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या वर त्याचे वेतन कधी गेले नाही. खेळत असतानाच तो वेंडीज या उपाहारगृहांच्या धंद्यात शिरला, स्वतः गल्ल्यामागे उभा राहून काम शिकला, पुढे शंभराहून अधिक उपाहारगृहांचा मालक झाला, मग कोका-कोलाच्या बाटल्या भरण्याचा व्यवसाय उभारला. २०२५ मध्ये तो वारला, त्याच्या आदल्या वर्षी त्याने मिलवॉकी बक्सची १० टक्के मालकी विकत घेतली होती. मात्र हे उदाहरण प्रत्येक नवख्या खेळाडूच्या तोंडावर फेकण्यात अर्थ नाही. ब्रिजमन बारा हंगाम खेळला होता.

रेवती

चर्चेत फक्त पुरुष खेळाडू आले आहेत, म्हणून थोडे लिहिते. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगमध्ये २०२४ पर्यंत १२ संघ आणि प्रत्येकी जास्तीत जास्त १२ जागा होत्या. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुली सराव शिबिरातूनच घरी पाठवल्या जाणे ही तेथील दर वर्षीची गोष्ट आहे. आणि काठावरच्या राहू द्या, अग्रगण्य खेळाडूही हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीन येथे खेळायला जात, कारण तेथे अमेरिकेतल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसे मिळत. ब्रिटनी ग्रायनरला २०२२ च्या फेब्रुवारीत मॉस्को विमानतळावर अटक झाली, तेव्हा ती येकातेरिनबर्गच्या संघासाठीच निघाली होती. मिलानवासी यांनी वर्णन केलेले इम्पोर्टचे आयुष्य महिला बास्केटबॉलमध्ये शिखरावरच्या खेळाडूंनाही चुकलेले नाही.

फ्रिस्कोनिवासी

सर्वांचे आभार. तीन हंगामांची ही सीमारेषा मला मुळीच ठाऊक नव्हती.

एक शंका उरते. मिलानवासी यांनी परदेशी जाणाऱ्यांविषयी लिहिले; पण जे न जाता वर्षानुवर्षे जी लीगमध्येच राहतात त्यांचे काय? आंद्रे इनग्राम दहा वर्षे दुय्यम लीगमध्ये खेळला. पदवी भौतिकशास्त्राची, जोडीला मुलांना गणित शिकवून तो चार पैसे मिळवत असे. २०१८ च्या एप्रिलमध्ये, ३२ व्या वर्षी, लेकर्सने त्याला हंगामातल्या शेवटच्या दोन सामन्यांसाठी बोलावले आणि पहिल्याच सामन्यात त्याने १९ गुण केले. पिकू लागलेल्या केसांच्या त्या माणसाच्या नावाने प्रेक्षकांनी क्रीडागृह दणाणून सोडले. गोष्ट सुंदर आहे हे मान्य. परंतु दोन सामन्यांसाठी दहा वर्षे घालवणे हा व्यवहार म्हणून कितपत शहाणपणाचा? आणि सतनामने जे केले ते चूक होते का?

नागपाडेकर

सतनामविषयी आमच्या बाजूने लिहितो. मुंबईत नागपाड्याच्या नेबरहूड हाउसच्या आणि मस्तान तलावाच्या कोर्टांवर माझे सारे तरुणपण गेले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. आमच्या पिढीला एनबीए ठाऊकच नव्हती म्हटले तरी चालेल; ध्येय एकच, रेल्वेत किंवा बँकेत क्रीडा कोट्यातून लागायचे.

भारतात बास्केटबॉलपटूचे पोट खेळाच्या पैशांवर जवळपास कधीच चालले नाही. चालले ते नोकरीवर. रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, पोलीस, सेनादल: राष्ट्रीय स्पर्धांचे निकाल पाहिले तरी हीच नावे दिसतील. माझ्या ओळखीचा एक जण पहाटे सराव करून तिकीट तपासनिसाचा काळा कोट चढवत असे; स्पर्धेच्या काळात त्याला कामावरून सूट मिळे. पस्तिशीनंतर सूट बंद झाली, कोट राहिला. आज तो बढती घेत घेत चांगल्या पदावर आहे, आणि संध्याकाळी मुलांना लेअप शिकवतो. आमच्याकडे 'माजी खेळाडूचे पुढे काय' हा प्रश्न विसाव्या-बाविसाव्या वर्षीच सुटलेला असतो. त्याची किंमतही मोठी आहे: नोकरी लागली की अनेकांचा खेळ तेथेच थांबतो, कारण आणखी चांगले खेळून आणखी काही मिळणार नसते.

व्यावसायिक लीगचा प्रयत्न झाला नाही असे नाही. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये सुरू झाली, तिच्यात पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे संघही होते. २०१७ नंतर ती दिसली नाही. त्याच सुमारास अमृतपालसिंग ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडून खेळला, अमज्योतसिंग आणि पालप्रीतसिंग अमेरिकेच्या दुय्यम लीगपर्यंत गेले, नंतर प्रिन्सपालसिंगही गेला.

सतनाम चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडातील अकादमीत गेला, महाविद्यालयात न जाता थेट ड्राफ्टला उभा राहिला. दुय्यम संघात बाकावर बसला, पुढे कॅनडातील एका लीगमध्ये खेळला, मग उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी भोगली. बंदीच्या काळात त्याच्याकडे होते काय? पदवी नाही, नोकरी नाही, आणि बास्केटबॉलचे दार बंद. होती ती सात फूट दोन इंच उंची, आणि कुस्तीच्या एका अमेरिकन कंपनीला तीच हवी होती. २०२२ पासून तो तेथे दूरचित्रवाणीवर दिसतो. मला विचाराल तर त्याची चूक कुस्तीत जाण्यात नव्हती. महाविद्यालयाची चार वर्षे गाळण्यात होती, आणि ती त्या वयाच्या मुलाची एकट्याची चूक म्हणता येणार नाही.

मिलानवासी

नागपाडेकर यांच्याशी पूर्ण सहमत. इनग्रामच्या बाबतीत मात्र फ्रिस्कोनिवासी यांचा हिशेब मला अपुरा वाटतो. त्याने दोन सामन्यांसाठी दहा वर्षे घालवली नाहीत. दहा वर्षे तो बास्केटबॉल खेळून, थोड्या पैशांत का होईना, घर चालवत होता, आणि ते दोन सामने वरकड आले. पुढच्या हंगामात लेकर्सने त्याला दहा दिवसांसाठी पुन्हा बोलावले, तेही खरे.

राहिलेला मोठा रस्ता प्रशिक्षणाचा. एनबीएच्या बाकांवर मागच्या रांगेत टॅब्लेट घेऊन बसलेले, सामन्यापूर्वी खेळाडूंना चेंडू परत टाकणारे जे लोक दिसतात, त्यांत काठावरून परतलेले बरेच असतात. त्यांना डावपेच पाठ असतात, कारण कमी गुणवत्तेच्या खेळाडूला तेवढ्यावरच टिकून राहावे लागते. केनी अ‍ॅटकिन्सन एनबीएत कधीच खेळला नाही, चौदा वर्षे फ्रान्स, स्पेन वगैरे देशांत हिंडला. २०२४-२५ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाला प्रशिक्षण देऊन तो एनबीएत वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला.

आणि एक वाट कोणाच्या फारशी लक्षात येत नाही ती पंचगिरीची. हेवूड वर्कमन एनबीएत येत-जात राहिला, मध्ये इटलीतही खेळला, आणि २००८ पासून त्याच लीगमध्ये पंच म्हणून उभा राहू लागला. लिऑन वुड १९८४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातला. खेळाडू म्हणून एका संघातून दुसऱ्या संघात ढकलला गेला, १९९६ मध्ये पंच झाला. खेळाडू म्हणून त्याला एनबीएत सहा हंगाम मिळाले; शिट्टी हाती आल्यावर त्याने पंचवीसहून अधिक वर्षे काढली.